पाखडलेले आणि टाकलेले

मार्गशीर्षाच्या सुमारास लोणावळ्याहून पुण्याकडे आगगाडीने येऊ लागले म्हणजे कामशेत-वडगावच्या बाजूस भाताची खाचरे रिकामी झालेली दिसतात आणि मधूनच एखाद्या सारवलेल्या खळ्यावर झोडणीचे व उपणणीचे काम चाललेले दृष्टीस पडते. हल्ली पुष्कळ ठिकाणी हे काम पंख्याच्या यंत्राने होते. परंतु जेथे रास लहान आणि माणसे घरचीच, तेथे अजूनही कोणी बाई भरलेले सूप खांद्याच्या वर धरून दाणे हळूहळू खाली सोडते व बाकीचे काम वाऱ्यावर सोपवते. आम्ही एकदा कार्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी असे एक खळे बराच वेळ पाहत उभे होतो. भरीव दाणा तिच्या पायाशी पडत होता, भुसा दूर उडून जात होता, आणि ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरी लहानशी रास साचत होती. तीत अर्धवट भरलेले दाणे होते, लोंबीचे तुकडे होते, आणि वाऱ्याच्या एखाद्या जोरदार झुळकेने चुकून लांब गेलेले चांगले दाणेही होते. काम आटोपल्यावर त्या बाईने पायाशी पडलेले भात पोत्यांत भरावयास दिले, भुशाकडे पाहिलेही नाही, आणि ती मधली रास गोळा करून पुन्हा सुपात घेतली.

त्या मधल्या राशीविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. एकात एक मिसळलेले पदार्थ वेगळे कसे करावेत, ह्याचे आज एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. रसायन-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस ते दोन-तीन वर्षे शिकावे लागते. आमच्यासारख्याने त्यात तोंड घालण्याचे कारण एवढेच की, त्या शास्त्राने यंत्रांविषयी जे काही प्रामाणिकपणे कबूल केले आहे, ते माणसांची निवड करणाऱ्या आम्हां लोकांनी आपल्याविषयी अद्याप कबूल केलेले नाही. प्रश्न असा आहे: निवड करणे हे मनुष्याचे कर्तव्य आहे हे मान्य केले, तरी निवडीत जे टाकले जाते त्याचे काही ऋण निवडणाऱ्यावर राहते की नाही?

आमच्या भाषेत ह्या एका कामाला क्रियापदे किती आहेत, हे एकदा मोजून पाहावे. चाळणे, पाखडणे, आसडणे, घोळणे, उपणणे, रोळणे, निवडणे, वेचणे, गाळणे, निथळणे, निवळणे, वस्त्रगाळ करणे, आणखीही असतील. ही क्रियापदे एकमेकांचे पर्याय नव्हेत. चाळणीला फक्त जाडी कळते. सुपाला आणि वाऱ्याला हलके-जड कळते. रोळण्यात पाणी दाण्याला उचलते आणि खडा तळाशी राहतो, कारण पाण्याला घनता कळते. दाण्याएवढाच आणि दाण्याइतकाच गोल असा पांढरा खडा चाळणीतून सहज सुटतो. तो शेवटी डोळ्यांनी आणि बोटांनीच निवडावा लागतो, आणि तेथेही एखादा राहतो, हे जेवताना कळते. सारांश, प्रत्येक साधनाला वस्तूचा एकच गुण कळतो, आणि त्या एका गुणावरून ते संपूर्ण वस्तूचा निकाल लावते. आमच्या घरांतल्या वृद्ध स्त्रिया ह्याच कारणाने एका धान्यावर तीन-तीन, चार-चार क्रिया करीत. एका क्रियेवर विसंबणे हा त्यांच्या मते फुवडपणा होता.

'विवेक' ह्या शब्दाला आम्ही आज फार उंच जागी बसवले आहे. परंतु ज्या 'विच्' धातूपासून तो निघाला, त्याचा अर्थ वेगळे करणे, आणि विशेषेकरून धान्य पाखडून वेगळे करणे, असाच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाणीविषयी एक सूक्त आहे. शहाण्यांनी वाणी कशी शुद्ध केली हे सांगताना ऋषीला पिठाची चाळणीच आठवली. ग्रीक भाषेतील ज्या धातूपासून इंग्रजीतील 'क्रिटिक' हा शब्द आला, तोही मुळात वेगळे करण्याचाच. तेव्हा नीतिशास्त्र हे खळ्यावरून देव्हाऱ्यात गेले आहे, ह्यात शंका नाही. जाताना ते मधली रास मात्र खळ्यावरच विसरून गेले, असा आमचा आरोप आहे.

आता यंत्रशास्त्राची कबुली ऐकावी. कोळसा खाणीतून निघतो तेव्हा त्यात दगड मिसळलेला असतो. तो धुऊन वेगळा करण्याची यंत्रे असतात. ह्या यंत्रांचे गुणदोष कसे मोजावेत, ह्याची एक रीत ट्रॉम्प नावाच्या डच अभियंत्याने 1937 साली मांडली. त्याने असे विचारले की, अमुक घनतेचा एक तुकडा यंत्रात टाकला, तर तो चांगल्या ढिगात जाण्याचा संभव शेकडा किती? प्रत्येक घनतेसाठी हा आकडा काढून त्याने एक रेषा काढली. यंत्र निर्दोष असते तर ती रेषा नागफणीच्या कड्यासारखी एके ठिकाणी सरळ तुटली असती: ह्या बाजूचे सगळे आत, त्या बाजूचे सगळे बाहेर. प्रत्यक्षात कोणत्याही यंत्राची रेषा तशी येत नाही. ती बोरघाटाच्या वाटेसारखी तिरपी उतरते. उतार कमीअधिक असतो, पण कडा कधीच नसतो. आणि त्या उताराच्या बरोबर मधोमध एक बिंदू असतो, जेथे तुकडा आत जाण्याचा संभव शेकडा 50 आणि बाहेर जाण्याचाही शेकडा 50 असतो. ज्याला यंत्राची 'सीमा' म्हणतात ती हीच. म्हणजे ज्या ठिकाणी यंत्र निकाल देते असे आपण मानतो, नेमक्या त्याच ठिकाणी त्याला काहीही कळत नसते!

आमच्या परीक्षकवर्गाने हे वाक्य शांतपणे मनात घोळवावे. उत्तीर्णतेची जी रेषा आपण आखतो, तिच्यापासून दूर असलेल्यांविषयी आपला निकाल बहुधा बरोबर असतो. सत्तर गुणांचा विद्यार्थी आणि दहा गुणांचा विद्यार्थी ह्यांत फरक आहे हे कोणीही सांगेल. त्यासाठी परीक्षकाची गरजही नाही. परीक्षक नेमला जातो तो रेषेजवळच्यांसाठी, आणि रेषेजवळ त्याच्या निकालाची किंमत उडवलेल्या नाण्याहून फारशी अधिक नसते. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी तपासली तर चार-पाच गुणांचा फरक पडतो, हे ज्याने हे काम केले आहे तो खाजगीत मान्य करतो. बाहेर मात्र आपण एका गुणाचा कडा उभा करतो आणि त्यावरून मुलांना ढकलतो.

ह्यावर कोणी म्हणेल की, यंत्र अधिक चांगले करा, परीक्षा अधिक काटेकोर घ्या. तसे करता येते, आणि केलेही पाहिजे. परंतु येथे दुसरी एक अडचण आहे, आणि ती कौशल्याने सुटणारी नाही. चांगला ढीग अगदी निर्मळ हवा असेल तर सीमा वर सरकवावी लागते. मग पुष्कळ चांगला माल टाकाऊत जातो. चांगला कणही वाया जाऊ नये असे वाटत असेल तर सीमा खाली आणावी लागते; मग दगड आत येतात. निर्मळपणा आणि संग्रह ही दोन्ही एकाच वेळी पूर्ण साधत नाहीत. कोणत्या प्रकारची चूक पत्करावयाची, हे यंत्र सांगत नाही. ते मालकाला ठरवावे लागते. म्हणजे हा हिशेबाचा प्रश्न राहत नाही, नीतीचा होतो. न्यायशास्त्राने हे ओळखून आपले उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे: अपराधी सुटला तरी चालेल, निरपराध्याला शिक्षा होता कामा नये. पूल बांधणाऱ्या अभियंत्याची पदवी देताना उत्तर उलट असेल, आणि ते असावेही. वाईट हे की, बहुतेक संस्थांनी हा प्रश्न स्वतःला कधी विचारलेलाच नसतो. त्या एक आकडा ठरवतात आणि त्याला तत्त्व म्हणतात.

येथे आम्हांस आपल्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी, आम्ही त्या वेळी ज्या महाविद्यालयात होतो तेथे, वसतिगृहातील बारा विनामूल्य जागांसाठी विद्यार्थी निवडावयाचे होते. यादी गुणानुक्रमे लागली. तेरावा मुलगा पवनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीतला. बाराव्याहून एका गुणाने कमी. समितीतील एका तरुण सहकाऱ्याने सुचवले की, ह्या मुलाला एकदा बोलावून घ्यावे, भेटावे. आम्ही नको म्हणालो. नियम एकदा वाकवला की त्याला अंत राहत नाही, असे काहीसे आम्ही बोललो, आणि ते बोलणे इतरांस पटले. आम्हांसही फार पटले होते. त्या दिवशी घरी जाताना आपण निःस्पृह आहोत अशी एक सुखद भावना मनात होती, हे स्पष्ट आठवते. दोन वर्षांनी जुने गठ्ठे रद्दीत काढावयाचे होते तेव्हा काही एक शोधताना त्या मुलाची आमच्याच विषयाची उत्तरपत्रिका हाती आली. पाठीमागच्या पानावरील एका उत्तराचे चार गुण आम्ही बेरजेत धरलेच नव्हते.

तो मुलगा पहिल्याच सहामाहीत कॉलेज सोडून गेला होता. आम्ही त्याच्या वाडीच्या पत्त्यावर पत्र पाठवले. उत्तर आले नाही. वाडी काही दूर नव्हती. कामशेतपर्यंत गाडी, पुढे एस.टी., आणि शेवटी तासाभराची पायपीट. आम्ही गेलो नाही. प्रथम परीक्षांचे काम होते, मग पाऊस होता, मग इतके दिवस झाले होते की जाऊन काय सांगावे हेच सुचेना. बेरजेतील चूक कोणाकडूनही होते, आणि तिच्याबद्दल आम्ही स्वतःला क्षमा केली आहे. त्या सहकाऱ्याला 'नको' म्हटल्याबद्दल मात्र अजून केलेली नाही. कारण चूक होणारच हे गृहीत धरून जी एक पायरी ठेवावयास हवी होती, ती कोणीतरी आमच्यासमोर आणून ठेवली होती, आणि आम्ही ती तत्त्वाच्या नावाने काढून टाकली.

खनिजे शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत ही पायरी नेहमीची आहे. पहिल्या फेरीत ढोबळ निवड होते. निवडलेला माल दुसऱ्या फेरीत अधिक स्वच्छ केला जातो. परंतु टाकलेला मालही तसाच बाहेर जात नाही. त्याला एका तिसऱ्या फेरीतून काढतात, केवळ चुकून गेलेले कण परत मिळवण्यासाठी. ज्या कारखान्यात ही तिसरी फेरी नाही तो बुडतो, कारण टाकलेल्या ढिगाबरोबर त्याचा नफाही जातो. माणसांच्या कारखान्यांत नफा असा ताळेबंदात दिसत नसल्यामुळे तिसरी फेरी कोणी ठेवत नाही. कार्ल्याच्या खळ्यावरील बाईला मात्र ती ठाऊक होती. भाताचा प्रत्येक शेर तिच्या घरात मोजला जात असला पाहिजे.

काही वेळा निकालाची घाई हाच दोष असतो. मावळातील ओढ्यांना आषाढात येणारे तांबडे पाणी भांड्यात भरून ठेवले तर काय होते, हे सर्वांनी पाहिले आहे. वाळू लगेच बसते. बारीक माती रात्रभरात बसते. पण काही गढूळपणा दुसऱ्या दिवशीही तसाच राहतो. स्टोक्स ह्या गणितज्ञाने 1851 साली ह्याचा नियम दिला: कण दहापट लहान झाला की त्याचा खाली बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा मातीचा कण हातभर पाण्यातून तास-दीड तासात उतरेल. हजाराव्या भागाएवढ्याला तेवढ्यासाठी पाच-सहा दिवस लागतील. आणि त्याहूनही सूक्ष्म असेल तो, नुसता धीर धरून, कधीच बसणार नाही. ह्या सूक्ष्म कणांवर एकाच जातीचा विद्युत्भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात व तरंगत राहतात. तुरटी फिरवली म्हणजे तो भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, आणि मग ते आपल्याच वजनाने बसतात. आमच्या आज्या निवळीचे बी भांड्याच्या आतल्या अंगाला उगाळीत, त्याचेही काम असेच. (निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असे मनूने एके ठिकाणी म्हटले आहे. मनूच्या इतर पुष्कळ वचनांपेक्षा हे एक लोकांनी अधिक पाठ केले असते तर बरे झाले असते.) मतांची आणि माणसांची परीक्षा करताना आपण पहिल्या पाच मिनिटांत जे तळाशी बसते तेवढे पाहून मोकळे होतो, ते बहुधा वाळूच असते.

मनूचे नाव निघालेच आहे, तर आमच्या समाजातील सर्वांत मोठ्या चाळणीविषयी बोलल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जातिभेदाचे समर्थन करणारे काही सुशिक्षित गृहस्थ अजूनही त्यास गुणकर्मांची विभागणी म्हणतात. आम्हांस ही उपमा त्यांच्याच शास्त्राने तपासावीशी वाटते. चाळणीला निदान एक गुण कळतो. दाणा तिच्यावर पडतो, तिच्या छिद्राशी भिडतो आणि मग त्याचा निकाल लागतो. ज्या व्यवस्थेत दाणा चाळणीवर पडण्यापूर्वीच, तो कोणत्या पोत्यातून आला एवढे पाहून, त्याची रास ठरते, त्या व्यवस्थेला निवड म्हणताच येत नाही. तेथे काहीही चाळलेले नाही. नुसती पोती निरनिराळ्या कोठारांत ठेवली आहेत. आणि जे पोते गावकुसाबाहेर ठेवले, त्याला तिसरी फेरी तर सोडाच, पहिलीही कधी मिळाली नाही.

टाकलेल्यात काय होते, हे पुष्कळदा टाकणाऱ्याला ठाऊकच नसते. गिरणीत सडलेला पांढराशुभ्र तांदूळ हा मागील शतकाच्या आरंभी सुधारणेचा नमुना समजला जाई. जावा बेटात आइकमान नावाचा एक डच वैद्य होता. 1890 नंतरच्या काही वर्षांत त्याला असे आढळले की, पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि त्यांना तांदळावरचा कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. पांढऱ्या तांदळात काही विष असावे असे त्याला प्रथम वाटले. विष कोठेच नव्हते; जे हवे होते ते कोंड्याबरोबर फेकून दिले होते. त्या शोधातून पुढे जीवनसत्त्वांची कल्पना निघाली आणि 1929 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मावळात हातसडीचा आंबेमोहोर खाणाऱ्यांनी ह्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. त्यांनी कोंडा ठेवला तो ज्ञानाने नव्हे, उखळात त्याहून पांढरे होत नव्हते म्हणून. पण ते वाचले हे खरे.

दोष काढून टाकणे आणि दोष झाकणे ह्यांतील अंतर कोणाला पाहावयाचे असेल, तर त्याने काचेचा इतिहास वाचावा. तळेगाव दाभाड्यास 1908 साली पैसाफंडाचा काचकारखाना निघाला. वर्षाला माणशी एक पैसा जमवून देशी धंदे उभारण्याची अंताजी दामोदर काळे ह्यांची कल्पना, टिळकांचा तिला पाठिंबा, आणि परदेशी काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांचे मार्गदर्शन, अशा त्रयीतून तो उभा राहिला. काचेला मुख्य माल लागतो तो गारगोटीची शुद्ध वाळू. मावळ सगळा काळ्या कातळाचा. येथील ओढ्यांच्या वाळूत लोह भरपूर, आणि लोहाचा अंश काचेला हिरवी झाक देतो. पांढरी काच हवी तर वाळू धुऊन, घासून, चुंबकाखालून काढून त्यातील लोह शेकडा काही शतांशांवर आणावे लागते. हे काम खर्चाचे. म्हणून जगभरच्या काचकारांनी पूर्वीपासून एक युक्ती योजली होती: रसात थोडे मँगनीज टाकावयाचे. त्याची जांभळी झाक लोहाच्या हिरवीला मारते आणि काच पांढरी दिसते. लोह तेथेच असते. त्यावर दुसरा एक दोष चढवलेला असतो, इतकेच. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की ती जांभळी पडू लागते. जुन्या हवेल्यांच्या खिडक्यांतील जांभळ्या काचा लोक कौतुकाने पाहतात. आम्हांस त्या पाहिल्या म्हणजे काही मोठ्या माणसांची आत्मचरित्रे आठवतात. पण तो विषयांतराचा भाग झाला.

निवड फुकट होत नाही, ही गोष्टही विसरता येत नाही. साखर पाण्यात आपोआप विरघळते. परत काढावयाची तर पाणी आटवावे लागते. मिसळणे हा सृष्टीचा उतार आहे, वेगळे करणे हा चढ. मॅक्सवेलने 1867 साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात एक गमतीचा द्वारपाल कल्पिला: दोन खोल्यांमधल्या दारात बसून तो हवेचे जलद कण एकीकडे आणि मंद कण दुसरीकडे सोडतो, आणि काहीही खर्च न करता एक खोली तापवतो. हा द्वारपाल का शक्य नाही, ह्याचा विचार पुढे शंभर वर्षे चालला. 1961 साली लांडाउअरने जे सूत्र दिले त्यातून शेवटी उत्तर निघाले, ते असे: त्याला प्रत्येक कण पाहून लक्षात ठेवावा लागतो, आणि पुढच्या कणासाठी मन रिकामे करताना, मागचे विसरताना, ती किंमत मोजावी लागते. निवडणाऱ्याचा खर्च त्याच्या विसरण्यात असतो, हे पदार्थविज्ञानाने सिद्ध केलेले सत्य आम्हां परीक्षकांना फार जवळचे वाटते.

शिवाय वेगळे केलेले कोठेतरी ठेवावे लागते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूस उगम पावते, मावळातून उतरते आणि देहूवरून आळंदीस जाते. वरच्या अंगाला तिचे पाणी अजून पाहण्यासारखे आहे. आळंदीस अलीकडच्या वर्षांत तिच्यावर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगताना सर्वांनी पाहिले आहेत. तो फेस म्हणजे वरच्या अंगाच्या वस्त्यांनी आणि धंद्यांनी आपली स्वच्छता करताना वेगळे काढलेले सारे. पवनेची कथा निराळी आणि अधिक दुःखद आहे. धरणाचे पाणी नदीने येताना मळते, म्हणून ते थेट बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यावे अशी योजना निघाली. शहराच्या दृष्टीने ही शुद्धीकरणाचीच एक रीत होती. मावळच्या शेतकऱ्यांनी विचारले की, पाणी नळात गेल्यावर नदीत काय राहील? 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर त्यांनी केलेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तिघे मृत्युमुखी पडले. योजना पुढे अनेक वर्षे स्थगित राहिली. शहराला स्वच्छ पाणी हवे हे चूक नाही. लाखो माणसांच्या तोंडचा तो प्रश्न आहे. पण ज्या कागदावर गाळणीच्या ह्या बाजूचा हिशेब होता, त्याच कागदावर त्या बाजूचाही आधीच मांडला गेला असता, तर त्या दिवशी रस्त्यावर येण्याची पाळी त्या माणसांवर आली नसती, असे आम्हांस वाटते.

एवढे वाचून कोणी विचारील की, मग तुम्हांस निवडच नको आहे काय? तसे मुळीच नाही. लोणावळ्यास 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेले कैवल्यधाम आहे. 'कैवल्य' ह्या शब्दाचाच अर्थ केवळ होणे, मिश्रणातून सुटून एकटे राहणे. सांख्य आणि योग ह्यांच्या मते पुरुष हा प्रकृतीहून वेगळा आहे हे ओळखणे, ह्यातच मुक्ती. ज्या परंपरेने मोक्षाचीही कल्पना वेगळे होण्याच्या रूपात केली, तिच्यात वाढलेल्या मनुष्याने सर्व काही एकत्र कालवावे असे म्हणणे हास्यास्पद होईल. तथापि एक भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. योगी वेगळे करतो ते स्वतःच्या आत, आणि जे बाजूला काढतो तेही त्याचेच असते. दुसऱ्या कोणाच्या दारात त्याला ते टाकता येत नाही.

हंसाचीही गोष्ट लोक नीट ऐकत नाहीत. नीर सोडून क्षीर घेणारा म्हणून त्याची ख्याती. परंतु गाईच्या दुधात शेकडा 87 भाग पाणीच असते. हंसाने आपला गुण शेवटपर्यंत चालवला, तर त्याच्या चोचीत दूध राहणार नाही, भुकटी राहील. तेव्हा गवळ्याने घातलेले पाणी काढावे आणि गाईने घातलेले ठेवावे, एवढे तारतम्य हंसाजवळ असले पाहिजे, आणि पाण्याकडे पाहून ते कळण्याजोगे नाही. ही दोन पाणी दिसावयास सारखीच असतात.

गेल्या चार वर्षांपासून आम्ही आमच्या विभागात यादी लावण्यापूर्वी रेषेच्या वरच्या दहा आणि खालच्या दहा उत्तरपत्रिका बाजूला ठेवतो. त्या दोघांनी स्वतंत्रपणे पुन्हा तपासावयाच्या, आणि मग त्या वीस विद्यार्थ्यांना बोलावून भेटावयाचे, असा क्रम आहे. सहकाऱ्यांपैकी एकाने आक्षेप घेतला की, ही दहाची हद्दही एक रेषाच झाली. अकराव्याने काय पाप केले? आक्षेप बिनतोड आहे, आणि आमच्यापाशी त्याला उत्तर नाही. यंदा ह्या कामास सहा दिवस लागले. वीसपैकी तिघांच्या जागा बदलल्या. दोघे वर आले, एक खाली गेला. खाली गेलेला मुलगा वडगावच्या पलीकडच्या एका गावचा होता. त्याच्या घरी आम्ही स्वतः जाऊन सांगितले, आणि त्याच्या आईने दिलेला चहा घेऊन शेवटच्या गाडीने परत आलो.